आक्काचा बार

गोळी फळीच्या अलीकडेच जमिनीत घुसली. मातीचा फवारा उडाला आणि धोंड्याआड बसलेली मी पदर झटकत उठले.

"लागली काय गे?" ओढ्यापलीकडून आक्का ओरडली.

"जमिनीत!"

"कुठं?"

"जमिनीत गं! फळीला शिवलीसुद्धा नाही!"

त्याच्या आधीची गोळी फळीच्या डोक्यावरून टेकडीत गेली होती. तिच्या आधीची मात्र कोळशानं काढलेल्या गोलाच्या बरोब्बर मधे. तीच बंदूक, तोच हात, तीच वाळूची पोती टेकायला. मी ओढा ओलांडून परत आले तेव्हा आक्का बंदूक मांडीवर घेऊन बसली होती आणि नळीच्या तोंडात बघत होती, जणू आत कुणी लपून बसलंय.

"दारू ओली आहे," ती म्हणाली.

"काल तूच उन्हात घातलीस."

"मग ऊनच ओलं असेल."

ती हसली नाही. मीही हसले नाही. दसरा तोंडावर आला होता.

आमच्या आंबेगाळात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ मारतात. चंदगडच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी आमचं गाव. देवळाखालच्या शेताच्या टोकाला एक फणस आहे, त्याच्यामागं टेकडी. फणसाच्या फांदीला सुंभानं नारळ टांगायचा आणि ओढ्याच्या अलीकडून एका गोळीत फोडायचा. बंदूक ठासणीचीच हवी. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवून गजानं ठासायची, मग घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप बसवायची. काडतूस चालत नाही. आणि ज्यानं मारायचं त्यानंच भरायचं, हा नियम. मान असलेली घरं मोजकी. एखाद्या घराची गोळी लागोपाठ तीन वर्षं चुकली की मान दुसऱ्या घराकडं जातो.

आमची दोन वर्षं चुकली होती.

आबांना मुलगा नव्हता, आम्ही दोघी मुलीच. आबा गेले तेव्हा गावानं धरून चाललं होतं की गावड्यांचा मान संपला. त्या दसऱ्याला आक्का लुगड्याचा काचा मारून बंदूक घेऊन शेतात उतरली. मी तेव्हा लग्न होऊन सासरी होते, पण बघायला आले होते. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. आक्कानं भरलं, टेकवलं, मारलं, आणि नारळाचं पाणी खाली उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर उडालं. त्यानंतर कुणी हसलं नाही. तिनं लग्न केलं नाही. काजूची बाग सांभाळली, रात्रीची डुकरं हाकलली, आणि गेली दोन वर्षं सोडली तर दरवर्षी नारळ फोडला. नवरा वारल्यावर मी माहेरी परतले तेव्हा बंदुकीच्या परवान्यावर तिच्याखाली माझंही नाव तिनं घालून घेतलं. मला चालवायला शिकवलं. पण त्या बंदुकीला बार भरायची ती एकटीच.

आबांची ती रायफल होती. नळीच्या आत मळसूत्री आटे. साध्या ठासणीच्या बंदुकीपेक्षा तिची गोळी सरळ जाते, पण तिचे नखरे फार. दारू जरा कमी झाली तर गोळी खाली, जास्त झाली तर कुठंही. चिंधी पातळ लागली तर गोळी सैल, जाड लागली तर ठासताना घाम फुटतो. आबांनी शिंगाचं एक माप करून ठेवलं होतं, या रायफलीपुरतं.

महिनाभर आम्ही तिच्यामागं लागलो होतो. आधी आक्काला वाटलं दारू जुनी झाली. परवान्यावर नवी आणली. एक दिवस छान गेला. तीन गोळ्या एका वाटीत मावतील अशा लागल्या. आक्कानं संध्याकाळी शेवयांची खीर केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, एक आभाळात, एक जमिनीत. मग चिंधी बदलली. धोतराचं फडकं झालं, गादीपाटाचं झालं, माझा एक चांगला परकर गेला. चिंधीला कधी खोबरेल, कधी मेण, कधी दोन्ही. मग प्रत्येक बारानंतर नळी पुसायची असं ठरलं. मग नळीच्या टोकावरची नेमाची माशी वाकडी आहे असं ठरलं. मग केपच्या भोकात मळ आहे असं ठरलं. प्रत्येक उपायानं एक दिवस बरा जायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्ही होतो तिथंच.

मला त्या बंदुकीचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. मी पलीकडं धोंड्याआड बसायचे, आवाज ऐकायचे, उठायचे, बघायचे, ओरडायचे, ओढा ओलांडायचे. पायाला चिखल्या झाल्या. आवाजसुद्धा सारखा नसायचा. कधी छाती हलेल असा धडाका, कधी नुसतं कुणी कांबळं झटकल्यासारखं. एकदा तर फक्त केप वाजली, फट्. गोळी आतच. गजाला स्क्रू लावून ती उपसायला आमची अख्खी दुपार गेली, आणि उपसली तर मागं दारूचा कणही नाही.

"दारू गेली कुठं?" मी विचारलं.

"सांडली असेल."

"तुझ्या हातून?"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी स्क्रू पुसायला घेतला.

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही रायफल घेऊन कोल्हापूरला गेलो. दस्तगीरचाचा आबांच्या वेळेपासून बंदुका दुरुस्त करायचे. आबांचं नाव काढल्यावर त्यांनी आधी चहा मागवला. नळीत दिवा सोडून बघितलं, घोडा बघितला, दस्ता हलवून बघितला. मग आम्हांला टेम्पोत घालून शहराबाहेरच्या दगडखाणीत घेऊन गेले. स्वतः भरून, दगडावर पोतं टाकून, त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मारलं. पुन्हा मारलं. पुन्हा. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली.

"बाई, हिला काही झालेलं नाही," चाचा म्हणाले. "आणखी दोन पिढ्या जाईल."

"मग आमच्याकडं काय होतंय?" मी विचारलं.

"बार सारखा पडत नसेल." त्यांनी गजावरची एक बारीक खाच दाखवली. "ही तुमच्या आबांनी माझ्यासमोर पाडली. गोळी पुरी बसली की ही खाच नळीच्या तोंडाला लागली पाहिजे. वर राहिली, बार जास्त. आत गेली, बार कमी. दरवेळी बघत जा."

"मला बघावं लागत नाही," आक्का म्हणाली. "हाताला कळतं मला."

चाचांनी बंदूक पुसून परत दिली. पैसे घेतले नाहीत.

बंदूक चांगली असेल तर नजर गेली असणार, असं मी मनाशी धरलं. आलोच आहोत तर म्हणून तिला तिथंच डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. नाही नाही म्हणत ती आली. डॉक्टरनं अक्षरं वाचायला लावली, दिवा मारून बघितलं, आणि म्हणाला, "या वयात असे डोळे मी फार कमी बघितलेत."

परतीच्या एस्टीत आक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी मात्र आतून उकळत होते. बंदूक चांगली. डोळे चांगले. दारू चांगली. मग चुकतंय काय? कुणीतरी वाईट निघालं असतं तर बरं वाटलं असतं मला.

घरी आल्यावर दोन दिवस तिनं बंदुकीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होते तर मागल्या दारातून तिचा आवाज आला.

"मालू, मापाला हात कुणी लावला?"

"कुणी नाही."

"हे आबांचं माप नव्हे. हे मोठं आहे."

"आक्का, तेच शिंग आहे. आबांचा चाकू लागलेला ओरखडा दिसतोय बघ."

"मला शिकवू नको. तू बदललंस." ती दारात उभी होती, माप मुठीत आवळून. "कधी लहान ठेवतेस, कधी मोठं. मला ठाऊक आहे. तुला मान नको आहे या घराला."

इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर कधी असा आळ घेतला नव्हता. मी शेणाची पाटी खाली टाकली आणि जे तोंडाला आलं ते बोलले. ओढ्यातून ये-जा करून माझे पाय कुजले, परकर फाटला, आणि वर हे. तुझं तू बघ, मी येणार नाही.

"येऊ नको," ती म्हणाली.

दसऱ्यापर्यंत आम्ही दोघी एका घरात राहून कामापुरतंच बोललो. सोनं दिलं-घेतलं, तेही न बघता.

नारळाच्या दिवशी मी गेलेच. न जाऊन कुणाला सांगणार? आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच मी पलीकडं धोंड्याआड नव्हते. त्या दिवशी पलीकडं भरमाण्णाची माणसं असायची. भरमाण्णा म्हणजे देवळाचा कारभार बघणारा, नियमाचा भारी कडक माणूस, पण आक्काला फार मानायचा. मी तिच्या डाव्या हाताला उभी राहिले.

आमच्या आधी रवळू नाईकाच्या पोरानं नारळ फोडला. शिट्ट्या झाल्या. मग नाव पुकारलं, "गावडे!"

आक्का खाली बसली. मी बघत होते. माप भरलं, बोटानं सपाट केलं, नळीत ओतलं. हात अगदी स्थिर. मला मनातल्या मनात वाटलं, आज होणार.

तेवढ्यात भरमाण्णा जवळ आला. "आक्का, फांदी जरा हलतेय आज. वारा थांबूस्तर थांबायचं तर थांब. घाई नाही."

"वाऱ्याचं मला नको सांगू," आक्का म्हणाली. "आबांनी वादळात मारलाय."

भरमाण्णा हसून मागं सरला. आक्कानं वळून पुढ्यातल्या सामानाकडं बघितलं. क्षणभर तिचा हात तसाच वर राहिला. मग तिनं माप उचललं, भरलं, बोटानं सपाट केलं आणि नळीत ओतलं.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, पहिलं मी बघितलंच नसेल. तिनं चिंधी ठेवली, गोळी ठेवली, गज घालून ठासली. गज थांबला, आणि आबांची ती खाच नळीच्या तोंडाच्या कितीतरी वर. आक्कानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गज काढला, केप बसवली, रायफल पोत्यावर ठेवली, घोडा ओढला.

महिनाभराचे सगळे आवाज माझ्या कानात एकदम वाजले. छाती हलवणारे धडाके. कांबळं झटकल्यासारखे आवाज. ती नुसती फट्.

दुप्पट बारानं नळी फुटली तर? आमच्या मागं हातभरावर माणसं दाटीनं उभी होती. कुणाकुणाच्या कडेवर पोरं.

मी वाकले आणि घोड्याच्या खाली हात घातला. करंगळी चिमटली असती तर चिमटली असती. दुसऱ्या हातानं केप उपटली.

"काय करतेस?" आक्का ओरडली. "सोड!"

"केप ओली आहे," मी मोठ्यांदा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भरमाण्णा, केप ओली लागली. जरा बाजूला होतो आम्ही."

लोक कुजबुजले. रवळूचा पोरगा म्हणाला, "झालं सुरू." मी आक्काचा दंड धरला, बंदूक दुसऱ्या हातात घेतली, आणि तिला देवळाच्या मागं नेलं. तिनं दंड हिसकावून सोडवला.

"तू माझी गोळी अडवलीस. सगळ्या गावासमोर."

"आक्का, तू दारू दोनदा घातलीस."

"एकदा."

"दोनदा. भरमाण्णा बोलायला आला, आणि मग परत."

"खोटं."

मी गज नळीत परत सोडला आणि खाचेवर बोट ठेवून दाखवलं. तिनं बघितलं. मग स्क्रू लावून मी गोळी उपसली, नळी उलटी केली आणि दारू तिच्या पदरात ओतली. तिनं त्या काळ्या ढिगाकडं बघितलं. तिचा हात आयुष्यभर त्या मापाचा होता. तिला मोजायची गरज नव्हती.

पदर तसाच धरून ती खाली टेकली. पलीकडं लोक गलका करत होते.

"आणि ती जमिनीत जायची ती?" तिनं विचारलं.

"मधेच कुणी हाक मारली असेल. किंवा कोंबडं आडवं गेलं असेल. अर्धं घालून तू पुढं गेली असशील."

"आणि गोळी आतच राहिली ती?"

"तेव्हा घातलीच नसेल."

तिनं पदरातली दारू हळूच जमिनीवर सोडली. "मला वाटायचं तू माप बदलतेस," ती म्हणाली. "देवाशप्पथ गे, मला तसंच वाटायचं. माझ्याकडनं होतंय हे डोक्यातच आलं नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. बंदुकीवर काढत होते तो राग आता ठेवायचा कुठं?

ती उठली. मला वाटलं घरी जायला निघाली. पण ती सरळ शेतात गेली आणि भरमाण्णासमोर उभी राहिली.

"भरमाण्णा, केप ओली नव्हती," ती म्हणाली. "मी बार दोनदा भरला. मला आता भरताना ध्यानात राहत नाही. नेम अजून आहे. ही भरेल आणि मी मारेन. चालतंय?"

भरमाण्णाचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं फणसाकडं बघितलं, देवळाकडं बघितलं.

"आक्का, मारणाऱ्यानंच भरायचं," तो अगदी हळू म्हणाला. "तुझ्यासाठी मोडलं तर उद्या सगळेच मोडतील."

"मोडू नको. विचारलं मी." ती माझ्याकडं वळली. "मग हिचं नाव घे. हीच भरेल, हीच मारेल. परवान्यावर आहे ती."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं बंदूक माझ्या हातात दिलीच होती. मी भरलं. आक्का शेजारी बसली आणि माझ्या हातांकडं बघत राहिली. खाच नळीच्या तोंडाला बरोबर लागली. मी टेकले, माशी नारळावर आणली, चाप दाबला.

नारळ हललासुद्धा नाही. गोळी मागं टेकडीत गेली.

कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर परवडलं असतं. आबांच्या वेळेपासूनचा मान त्या एका आवाजात गेला, आणि तो माझ्या हातून गेला.

"बार अगदी बरोबर होता," आक्का म्हणाली. "तूच हललीस." आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ती हसली.

घराकडं येताना बांधावर ती थांबली.

"मालू, कोल्हापूरला परत जाऊया. डोळ्यांच्या डॉक्टरकडं नको या वेळी."

गेलो. मेंदूच्या डॉक्टरनं पुष्कळ प्रश्न विचारले आणि गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार, सावकाश. सावकाशच वाढलं. वर्षभर तर परक्याला कळलंही नसतं. बागेतल्या झाडांची नावं तिला पाठ होती, माझंही नाव यायचं. फक्त मधे कुणी बोललं की हातातलं काम कुठं होतं ते सापडायचं नाही.

पुढल्या दसऱ्याला भरमाण्णा घरी आला. उंबऱ्यात उभा राहून टोपी काढून हातात धरली.

"मान गेला तो गेला," तो म्हणाला. "तो मी परत देऊ शकत नाही. पण उद्या सगळ्यांचं झाल्यावर एक नारळ जास्तीचा टांगणार आहे. त्याला मानही नाही आणि नियमही नाही. आक्का येईल काय?"

आक्का चुलीशी होती. "येईल," ती आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी घरं मारून झाली तरी एकही माणूस हलला नाही. भरमाण्णानं लोकांना चांगलं लांब मागं सारलं. मी भरलं, खाच बघितली, केप लावली, आणि बंदूक तिच्या खांद्याला लावून दिली. शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. वारा होता, फांदी हलत होती. ती थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, कशासाठी बसलोय तेच ती विसरली. तेवढ्यात फांदी स्थिर झाली आणि बार उडाला.

नारळाचे तुकडे झाले, पाणी झगझगीत उडालं. गाव ओरडलं. पोरं फणसाकडं पळाली. भरमाण्णा दोन्ही हात वर करून उभा होता.

धूर विरला तेव्हा आक्का सगळ्यांकडं बघत होती, लग्नघरात भलत्याच दारातून शिरल्यासारखी.

"कुणी मारला गे?" तिनं मला विचारलं.

"तू."

तिनं फांदीवर लोंबणाऱ्या सुंभाकडं पारखून बघितलं आणि मान हलवली.

"मग बार कुणीतरी नीट भरला असणार," ती म्हणाली.